औसेपचा आवाज, त्रेस्याचा हात

औसेपने कुणाच्या कानात काही सांगितलं, असं वेळ्ळाट्टुकरा गावात कधी घडलं नाही. तो सांगायचा ते गावाला सांगायचा. घरात जेवायला बसल्यावर "मीठ दे" म्हणाला, तर शेजारची कुंजम्मा मीठ घेऊन दारात उभी राहील, असं लोक थट्टेने म्हणत. एकदा ती खरोखरच येऊन उभी राहिली, तेव्हापासून लोकांनी थट्टा बंद केली.

धंदाच तसा होता. चाळीस वर्षं तो लाउडस्पीकर भाड्याने देत होता. चर्चचा बाणांचा सण, देवळातला पूरमचा उत्सव, निवडणूक, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, कुणाची हरवलेली गाय, सगळ्याला कर्णे औसेपचे. दुकानावर संत अंतोनीच्या नावाची पाटी होती. संत अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो म्हणतात. गावातल्या पुष्कळ गायी त्याने औसेपच्या कर्ण्यामार्फत शोधून दिल्या. औसेपचे कान मात्र त्यालाही सापडले नाहीत.

ते गेले हळूहळू, आणि वरच्या पट्टीकडून गेले. आधी डास गेले. म्हणजे डास होतेच, चावतही होते, पण गात नव्हते. औसेपला वाटलं, पंचायतीच्या फवारणीचा गुण असेल. मग झांजा गेल्या. पूरमच्या मेळात शंभरावर माणसं ओळीने उभी राहून वाजवत होती. चेंडा ढोलांचे ठोके छातीत येऊन आदळत होते, झांजा मात्र कुणी फडक्यात गुंडाळून वाजवाव्यात तशा. 'यंदा झांजा ओल्या आहेत' असं तो शेजाऱ्याला म्हणणार होता, तेवढ्यात त्याने आजूबाजूला पाहिलं. लोक डोळे मिटून डोलत होते. मग त्याच्या लक्षात आलं, फडकं झांजांवर नाही.

लाउडस्पीकरवाल्याला ऐकू येत नाही हे गावाला कळणं म्हणजे स्वयंपाक्याला चव लागत नाही हे पंगतीला कळण्यासारखं. तो गप्प राहिला. म्हणजे त्या एका बाबतीत गप्प राहिला. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. त्रेस्याने मात्र त्या संध्याकाळी डास मारण्याचं कासवछाप जळतं वेटोळं त्याच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "तुम्हाला कळत नाही, मी आहे ना." ते डासांबद्दल होतं की झांजांबद्दल, हे त्याने विचारलं नाही.

त्यांचं काम तसं लग्नानंतरच्या पहिल्याच सणापासून दोघांचं झालं होतं. त्या दिवशी ही नवी नवरी भर मांडवातून चालत आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या कर्ण्यापायी आईंची कोंबडी अंड्यांवरून उठलीय, ती परत बसायला तयार नाही."

"मग किती ठेवू?"

"मला काय विचारता? मी काय इंजिनियर आहे?"

"कान आहेत ना? तिकडे शेताच्या बांधावर जाऊन उभी राहा आणि हाताने सांग."

ती जाऊन उभी राहिली ती चाळीस वर्षं. उजव्या मनगटाला पांढरा रुमाल बांधायची, म्हणजे दुरून दिसावा. तळवा आभाळाकडे करून वर उचलला की वाढवा. तळवा जमिनीकडे करून दाबला की कमी करा. चिमूट केली की आवाज टोचतोय, वरची पट्टी, म्हणजे ट्रेबल, कापा. आणि तळवा सरळ उघडा, स्थिर धरला की बरोबर. आता हात लावू नका. गर्दीच्या डोक्यांवरून औसेपला ती दिसायची नाही. दिसायचा फक्त हात, कोपरापासून वर. गेली पंधरा वर्षं तर औसेपने कानांनी असं काही लावलंच नव्हतं. त्या हाताकडे बघत तो बटणं फिरवायचा, आणि चार गावांत लोक म्हणायचे, औसेपचा आवाज मोठा असतो, पण कानाला लागत नाही.

यंदा जानेवारीत सणाचे दिवे उतरवले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्रेस्या चुलीवरून पेजेचं भांडं उतरवायला गेली. भांडं चुलीवरच राहिलं. ती आधी खाली बसली, मग आडवी झाली. मोठ्या इस्पितळाने जीव वाचवला. दोन महिन्यांनी पाय काठीच्या आधाराने परत आला. तोंडातून "म्म" एवढं अक्षर आलं. उजवा हात आला नाही. तो मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

कर्किटकम, म्हणजे पावसाळ्यातला औषधोपचारांचा महिना, लागला तसा औसेपने तिला वारियरांच्या वैद्यशाळेत आणलं. वैद्यशाळा आता नातीच्या हातात होती, डॉक्टर श्रीकला. ही लहानपणी औसेपच्या माइकवर गाणं म्हणायला उभी राहून रडली होती, त्यामुळे तो तिला अजून मोळे, म्हणजे पोरी, म्हणूनच हाक मारायचा, पेशंटांसमोरसुद्धा; ती त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायची.

"चेट्टा, एकवीस दिवस तेल-मालिश, शेक, धारा सगळं करू," श्रीकला म्हणाली. "हातात जरा जरी हालचाल आली, तर पुढची वाट मोकळी आहे."

"आणि नाही आली तर, मोळे?"

"नाही आली तर... पुढच्या वर्षी बघू."

औसेप जन्मभर पंचायतीच्या कचेरीत परवाने मागायला गेलेला माणूस. 'पुढच्या वर्षी बघू'चा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता.

पहिले चार दिवस तो मालिशच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता. दर पंधरा मिनिटांनी बंद दाराला तोंड लावून आत मालिश करणाऱ्या बाईला विचारायचा, "तंकमणी, हात हलला का?" त्याच्या समजुतीप्रमाणे ही कुजबुज होती. चौथ्या दिवशी पलीकडच्या पुरुषांच्या खोलीतून कंबर धरलेले अच्युतन मास्तर ओरडले, "नाही हलला! हलला की मीच सांगतो, आता जा!"

त्याच दुपारी श्रीकलाने त्याला बोलावलं.

"चेट्टा, एक काम आहे. हल्ली सगळीकडे मालिशच्या खोल्यांत संगीत असतं. मंद, मन शांत करणारं. आपल्या तिन्ही खोल्यांत ते करायचंय. तुमच्याशिवाय कोण करणार?"

संगीत ही सबब होती आणि या माणसाला कुठेतरी गुंतवणं हा हेतू होता. औसेपलाही ते कळलं. पण काम ते काम. त्याने कानामागची पेन्सिल काढली.

"खोलीत माणसं किती?"

"एक पेशंट. आणि मालिश करणाऱ्या दोघी."

"तीन?" औसेपची पेन्सिल थांबली. "मोळे, तीनशेच्या खाली मी आजवर तारसुद्धा ओढली नाही."

तरी त्याने ओढली, आणि मन लावून ओढली. दोन दिवस शिडीवर चढून बसला. त्याला त्याच्या कामातलं सगळं येत होतं, फक्त आजवर ते उलट्या बाजूने करत आला होता. मैदानात आवाज दूर फेकायचा असतो. इथे तो लोळवायचा होता. म्हणून त्याने छोटे स्पीकर तुळईवर, तोंड भिंतीकडे करून बसवले. आवाजाने आधी भिंतीला जाऊन भेटावं, मग थकून खाली यावं. तेलाच्या वाफेने स्पीकरांचे आतले पडदे चिकटू नयेत म्हणून त्यांना मच्छरदाणीच्या कापडाची टोपडी शिवली. तारा तेलाच्या शेगड्यांपासून लांब नेल्या. ॲम्प्लिफायर ठेवला तेल गरम करायच्या खोलीत. तिथून मालिशच्या प्रत्येक खोलीत कोमट तेलाची भांडी सरकवायला भिंतीत हातभर रुंद खिडकी होती. त्या खिडकीशी स्टूल टाकून बसलं की आत लाकडी द्रोणीचा, म्हणजे पेशंटला निजवायच्या खोलगट पाटाचा, एक कोपरा, लोंबणारा पडदा आणि धुराने काळी झालेली भिंत दिसे.

सगळं जोडून झालं. चाळीस वर्षांच्या सवयीने औसेपने माइक लावला, त्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "हॅलो, हॅलो, टेस्टिंग, वन, टू, थ्री."

रस्त्यावरून सायकलने चाललेले दोघे उतरले आणि टोपी काढून फाटकाशी उभे राहिले. एकाने विचारलं, "कोण वारलं?"

"चेट्टा," श्रीकला म्हणाली, "माइक नकोय."

"टेस्टिंगला लागतो, मोळे."

"तो मला द्या."

माइक तिच्या टेबलाच्या खणात गेला. संगीताच्या तीन सीडी तिने कुठूनतरी आणलेल्या होत्या. एकात वाहता झरा, एकात सतार, एकात बासरी आणि पहाटेचे पक्षी. त्रेस्याच्या खोलीत ते लावायचं नाही, हे औसेपने आधीच ठरवून टाकलं होतं. तिथे सगळं पक्कं झाल्यावरच. तोवर बाकीच्या दोन खोल्यांवर हात बसवायचा.

झरा पहिल्या दिवशी पुरुषांच्या खोलीत लावला. द्रोणीवर अच्युतन मास्तर तेलाने निथळत पालथे पडले होते. वय सत्त्याहत्तर. सहा मिनिटं त्यांनी दम धरला. सातव्या मिनिटाला ते नुसत्या लंगोटावर, तेलाचे ठसे उमटवत, भिंतीला धरून व्हरांड्यातून धावले, ज्या कंबरेसाठी ते पंधरा दिवस तिथे पडून होते तीच कंबर घेऊन. परत येताना ते खिडकीशी थांबले.

"औसेपा, तुझा झरा बंद कर. नाहीतर खोलीत भांडं ठेव."

"पण मास्तर, कंबर चालायला लागली की!"

"कंबर नव्हती चालत, शिंच्या. निकड चालत होती."

सतार बायकांच्या दुसऱ्या खोलीत लावली. ती सुरुवातीला बरी चालली. मग वादकाला घाई झाली. तंकमणी आणि शोभना द्रोणीच्या दोन बाजूंना उभ्या राहून मालिश करायच्या. खांद्यापासून तळपायापर्यंत दोघींचे हात बरोबर निघायचे, बरोबर पोचायचे. कोणी मोजायचं नाही, बोलायचं नाही. सतार धावली तशी शोभना धावली. तंकमणी गुडघ्याशी असताना शोभना घोट्यावरून परत फिरली होती. मध्ये पडलेल्या पालक्काडच्या बाई म्हणाल्या, "अगं, मी काय परोट्याची कणीक आहे?"

तंकमणी खिडकीत आली. पन्नाशीची बाई, मनगटं सुताराची आणि जीभ न्हाव्याची. "चेट्टा, आम्ही दोघी म्हणजे चार हात नाही हो. तेवढा वेळ आम्ही एकच बाई असतो. मध्ये हा तिसरा शिरला की घर मोडतं. याला हाकला."

राहिली बासरी आणि पक्षी. औसेपने लावलं. बासरी खालच्या पट्टीत आली तेव्हा त्याला छान ऐकू आली. मग ती वर चढली आणि दिसेनाशी झाली, पतंग ढगात जावा तशी. पक्षी तर उगवलेच नाहीत. पाकिटावर चित्र होतं, म्हणजे पक्षी असणार. त्याने ट्रेबल चढवला. आणखी चढवला. बटण शेवटाला टेकलं तेव्हा कुठे दूरवर एक बारीकसं 'चुक' ऐकू आल्यासारखं झालं. तो समाधानाने मागे टेकला.

पालक्काडच्या बाई कानांवर हात ठेवून उठून बसल्या होत्या.

तंकमणी पुन्हा खिडकीत. "चेट्टा, हे पक्षी आहेत की सुऱ्या?"

"मला तर गोड वाटतायत."

तंकमणीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती आत गेली. थोड्या वेळाने, औसेप पाठमोरा तारा गुंडाळत असताना, मागून तिने सहज स्वरात विचारलं, "चेट्टा, काळा चहा केलाय. घेणार?"

औसेप तारा गुंडाळत राहिला. जन्मात त्याने चहाला नाही म्हटलं नव्हतं.

ती समोर येऊन उभी राहिली. चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

"किती वर्षं झाली, चेट्टा?"

"धंद्याला? चाळीस."

"कानांना."

औसेपने पेल्यात पाहिलं. म्हणाला, "पंधरा. कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगते? मालिशवाल्यांना माणसांचं सगळं माहीत असतं. आम्ही सांगत बसलो तर या गावात लग्नं व्हायची नाहीत." ती उंबऱ्यावर टेकली. "पण मग इतकी वर्षं चालवलंत कसं?"

तेव्हा औसेपने तिला बांधाची गोष्ट सांगितली. रुमाल सांगितला, चार खुणा करून दाखवल्या. सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सणाला लोक म्हणायचे, वा औसेप. मी आपला मान डोलवायचो. कान तिचे, हात तिचा, माझी नुसती बटणं. आता त्या हातासाठी मी इथे बसलोय आणि इथे आवाज लावायचा तर तोच हात पाहिजे. सांग, आता मी काय करू?"

तंकमणीने पेला परत घेतला. "विचारा की मग त्या हाताला."

"काय?"

"तुम्ही सगळ्या खोल्यांत संगीत लावलंत. त्रेस्याचेच्चीच्या खोलीत एकही दिवस लावलं नाहीत. ती सतरा दिवस छताकडे बघत पडलीय, आणि ज्या कामात तिचं आयुष्य गेलं ते काम भिंतीपलीकडे चुकीचं चाललंय. मी असते तर रागाने उठून बसले असते."

"तिला त्रास नको गं."

"तिला नको, की तुम्हाला नको?"

औसेपने राहिलेली तार परत गुंडाळायला घेतली. आजवर हात हलला नव्हता, कारण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, असं तो मनाशी म्हणू शकत होता. एकदा विचारलं, आणि हात गप्प राहिला, म्हणजे मग खरंच पुढचं वर्ष.

त्या संध्याकाळी तो त्रेस्याला पेज भरवत होता. पेज, मूग आणि बोटभर चटणी. डाव्या हाताने तिला खाता यायचं, पण त्याने भरवलेलं ती खायची.

"तंकमणी म्हणते, उद्या तुझ्या खोलीत लाव," तो म्हणाला. पलीकडच्या खाटांवरच्या दोन्ही बायकांनी भुवया उंचावल्या. त्यांनाही ते स्पष्ट ऐकू गेलं होतं. "तू काही करायचं नाहीस हं. नुसतं ऐकायचं. नाही जमलं तर नाही. मी काही वाईट वाटून घेणार नाही."

त्रेस्याने तोंडातला घास गिळला आणि त्याच्या गालावर सांडलेली पेज डाव्या हाताने पुसली. भरवणाऱ्याच्या गालावर पेज कशी लागते हे तीच जाणे. पण चाळीस वर्षं ती लागत आली होती.

अठराव्या दिवशी सकाळी तंकमणीने द्रोणी ढकलून थोडी तिरकी केली आणि पडदा हातभर बाजूला बांधला. औसेप तेलाच्या खोलीत स्टुलावर बसला. भिंतीच्या खिडकीतून त्याला त्रेस्या दिसत नव्हती. दिसत होता फक्त तिचा उजवा हात, कोपरापासून पुढे, द्रोणीच्या काठावर तळवा खाली करून ठेवलेला. तेलाने चकाकत होता. मनगटावर तंकमणीने शेकाच्या पुरचुंडीचं पांढरं फडकं बांधलं होतं. तेलाचं भांडं घ्यायला ती खिडकीशी आली तेव्हा त्याने त्या फडक्याकडे बोट दाखवलं.

"दुरून दिसावं म्हणून," ती म्हणाली आणि गेली.

मालिश सुरू झाली. औसेपने बासरी लावली, बटण नेहमीच्या जागी. पक्षी असतील, नसतील. तो हाताकडे बघत राहिला.

हात नुसता होता.

बासरीचा पहिला भाग संपला. दुसरा सुरू झाला. औसेपला धीर धरवेना, आणि धीर सुटला की तो बोलायचा. ती त्याची जुनी खोड.

"त्रेस्ये, आवाज येतोय का? ही बासरी आहे. मास्तर धावले ते झऱ्याने, ही ती नाही. पक्षीपण आहेत म्हणे. मी ट्रेबल जरा वर ठेवलाय, जास्त असेल तर... नाही, तू काही करू नकोस, मी आपलं सांगतोय..."

"चेट्टा, हळू," शोभना आतून मोठ्याने म्हणाली.

"मी हळूच बोलतोय. त्रेस्ये, आठवतं का, पहिल्या सणाला आईंची कोंबडी..."

तंकमणीचे हात थांबले. "शोभने, थांब."

द्रोणीच्या काठावर त्रेस्याची बोटं उचलली गेली होती. काठापासून तांदळाच्या दाण्याएवढी. मग ती खाली आली. पुन्हा उचलली गेली. पुन्हा खाली आली. दाबल्यासारखी.

औसेप स्टुलावरून उठला, ते स्टूल पाडूनच. त्याचा हात मात्र न विचारता बटणाकडे गेला होता. कमी. त्याने कमी केलं.

बोटं पुन्हा उचलली. पुन्हा खाली.

"कमी म्हणते! तंकमणी, बघितलंस? कमी म्हणते ती!" त्याने आणखी कमी केलं. "आता, त्रेस्ये? आता बरोबर?"

बोटं खाली.

"अजून? हे घे. अजून कमी. श्रीकला मोळे! डॉक्टर! इकडे या, हात! हात बोलतोय!" त्याने बटण शून्यावर नेलं. बासरी गेली. बोटं उचलली गेली आणि खाली दाबली गेली, आता तर मनगटही थोडं हललं, जरा चिडून हलावं तसं. औसेपने घाबरून तारच उपटली. "आता तर काहीच नाही! त्रेस्ये, सगळं बंद आहे, तार माझ्या हातात आहे, ही बघ तार! आता आणखी काय कमी करू?"

बोटं उचलली. खाली.

तंकमणी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दोन्ही हात तेलाचे असल्यामुळे पुसता येत नव्हतं. ती खिडकीशी वाकली.

"चेट्टा, ती यंत्राला सांगत नाहीये हो. तुम्हाला सांगतेय."

औसेपचं तोंड उघडं होतं. ते त्याने मिटलं.

श्रीकला धावत येऊन दारात उभी राहिली होती. पलीकडच्या खोलीतून अच्युतन मास्तर ओरडले, "हलला का?" आणि मास्तरांच्या खोलीतल्या कुणीतरी त्यांना गप्प केलं.

मग खरोखरच काही आवाज उरला नाही. तंकमणीने डोळे खांद्याला पुसले, शोभनाकडे पाहिलं, आणि चार हात परत बरोबर निघाले. खांद्यापासून तळपायापर्यंत. औसेपला तो आवाज ऐकू आला. तेलावरून तळवे जाण्याचा, खालच्या पट्टीतला, रुंद आवाज. लांबच्या शेतात कुणी भात झोडपत असावं तसा. त्याच्या कानांना अजून ऐकू येत होता असा तो आवाज सतरा दिवस भिंतीपलीकडे होता, आणि सतरा दिवस औसेप त्याच्या वरताण बोलत होता.

त्रेस्याची बोटं काठावर टेकली आणि पसरली. थोडीशीच, जमली तेवढी. तळवा उघडा. स्थिर.

बरोबर. आता हात लावू नका.

त्याने हात लावला नाही. स्टूल उचललं, न वाजवता ठेवलं आणि बसून राहिला.

पुढचे तीन दिवस औसेप कमी बोलला, हे वैद्यशाळेत औषधांइतकंच लिहून ठेवण्यासारखं होतं. कानांचं त्याने श्रीकलाला स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, चेट्टा. लहानपणी माइकवर मी रडले तेव्हा सगळं मैदान हसलं, आणि तुम्ही म्हणालात, छान गायलीस."

"ते ऐकू येत होतं तेव्हाचं आहे, मोळे. तू छानच रडली होतीस."

एकविसाव्या दिवशी शेवटची मालिश होती. त्रेस्याच्या मनगटात आता एवढं आलं होतं की तंकमणीने खालून आधार दिला तर तळवा फिरवता यायचा. औसेप खिडकीशी बसला होता, बटण शून्यावर. आज काही लावायचंच नाही असं त्याचं ठरलं होतं. मालिश अर्धी झाली. मग तंकमणीने मनगट तोलून धरलं, त्या पांढऱ्या फडक्यापुढचा तळवा हळूहळू वळला, आभाळाकडे झाला, आणि बोटं इंचभर वर आली.

औसेपने तंकमणीकडे पाहिलं. तंकमणीने मान हलवली. वाढवा म्हणतेय.

त्याने बासरी लावली आणि हाताकडे बघत बटण फिरवलं, केसाएवढं. बोटं अजून वर होती. आणखी केसाएवढं. बोटं वर होती. आणखी थोडं, शून्य आणि एक यांच्या मध्ये कुठेतरी. आतमध्ये शोभनाचा चेहरा सैल झाला. दाराबाहेर झाडणारी बाई केरसुणी हातात धरून थांबली, मान एका बाजूला कलती करून. त्रेस्याचा तळवा उघडला आणि थांबला.

औसेपने खिशातून खडू काढून बटणाशी बारीक रेघ मारली. मग मान पुढे काढून, श्वास धरून ऐकलं. बासरी नाही, पक्षी नाही, काही म्हणजे काही त्याला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे आवाज बरोबर लागला होता.